नानांचा पाय

ब्रेक लागत नाही म्हणून गाड्या रोज येतात. ब्रेक जास्त लागतो म्हणून आलेली ही पहिलीच पिकअप. नाशिकला आडगाव नाक्यावर माझं गॅरेज. फेब्रुवारीत द्राक्षाच्या गाड्यांना आम्ही नाही म्हणत नाही, कारण त्यांना संध्याकाळी भरून रात्री कसारा उतरायचा असतो.

"मिस्तरी, गाडी ठीक आहे. नानांचा पाय जड झालाय," शेठ म्हणाले. नाना म्हणजे ड्रायव्हर, साठीला टेकलेले. वाशीला क्रेट उतरले की खालच्या थरात मणी गळलेले, ताडपत्रीवर रस. शेठने दोन खेपांचे पैसे कापले होते. नाना काही बोलत नव्हते, चहाचा ग्लास धरून उभे होते. मालकासमोर ड्रायव्हर बोलला तर ते कारण आणि गप्प राहिला तर ती कबुली, असा आपल्याकडचा न्याय.

लायनर, ड्रम, मागचा लोडचा व्हॉल्व्ह, सगळं पाहिलं. दोष नाही. मग इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबलं, आतला व्हॅक्यूम संपवला आणि पोरांना गाडी ढकलायला लावली. ब्रेक शांत, चारी चाकांना सारखा. इंजिन चालू केलं आणि नुसतं बोट टेकवलं, तर गाडी जागच्या जागी नाक घासून उभी. म्हणजे बूस्टर, व्हॅक्यूमच्या जोरावर पायाचा दाब वाढवणारा गोल डबा.

इथे बहुतेक जण फोन उचलतात आणि नवी असेंब्ली मागवतात. नव्या गाड्यांचे बूस्टर दाबून बंद केलेले असतात, तिथे इलाज नाही. पण ही जुनी गाडी, दोन वाट्या खाचांनी अडकवलेल्या. डॅशखाली उताणं पडून चार नट आणि पेडलची पिन काढायची, मानेचं भजं होतं. वाट्यांवर खिळ्याने एक सरळ रेघ ओढली, नाहीतर परत बसवताना नळीचं तोंड भलतीकडे येतं. मी अँगलची एक पट्टी करून ठेवलीय, ती पुढच्या बोल्टांवर कसायची, वाटी शिकंज्यात धरायची आणि दाबून डावीकडे फिरवायची. आत मोठी स्प्रिंग असते. सैल सोडली तर थेट हनुवटीवर.

वाटी उघडली आणि तळाला, गंजाच्या भुकटीत, ती पडलेली दिसली. रबराची काळी चकती. कॅरमच्या सोंगटीपेक्षा जरा लहान, तेवढीच जाड.

ही चकती काय करते ते सांगतो. बूस्टरच्या आत 9 इंचाचा डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, एका बाजूला पाऱ्याच्या मापाने 500 मिलिमीटर व्हॅक्यूम, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. स्प्रिंगचा जोर सोडला तर जवळजवळ 275 किलोचा रेटा. तो किती वापरायचा ते पाय ठरवतो, आणि पायाला ते कळतं या चकतीमुळे. पुढून दाब आला की रबर मधोमध मागे फुगतं, पेडलच्या रॉडला ढकलतं, हवेची वाट बंद होते. चकती नसेल तर हवा आत येतच राहते. पाय हलका असो की जड, ब्रेक पुराच.

हाताखालचा पोरगा बारक्या, तो चकती पेट्रोलमध्ये बुडवायला निघाला होता, हात धरला. पेट्रोल-डिझेलने हे रबर फुगतं. स्पिरिटने पुसली, नखाने दाबून पाहिली, चिरा नव्हत्या. डायफ्राम बल्बसमोर ताणून धरला, कडेची घडी बोटाने उलटून फिरवली, चांगला. एनआरव्ही, म्हणजे हवा एकाच बाजूने सोडणारा व्हॉल्व्ह, तोंडाने फुंकून पाहिला, ठीक. मागचा फेल्टचा फिल्टर मात्र मातीने दगड झालेला, तो बदलला. सिलिकॉन ग्रीस लावून चकती जागेवर बसवली.

जागेवर आपोआप ती सुटत नाही. बूस्टरच्या पुढे मास्टर सिलिंडर असतो, ब्रेक ऑइलला दाब देणारा. तो काढल्यावर पुढचा रॉड कोणी ओढला, तरच ग्रीसवरून निसटून आत पडते. नाना म्हणाले, त्रास श्रावणापासून. मी बिलबुक काढलं. श्रावणात याच गाडीचा मास्टर सिलिंडर बदललेला. माझ्याकडेच. तेव्हाचा पोरगा आता अंबडला कंपनीत आहे, त्याने ओढला की मी, आठवत नाही. बिलावर सही माझी.

शेठला एवढंच सांगितलं, चकती सुटली होती, नानांच्या पायात खोट नाही. मजुरी घेतली नाही. शेठ आता चार लोकांत माझी दिलदारी सांगतात. कापलेल्या पैशांचं नाव मात्र त्यांनी काढलं नाही, आणि मीही काढलं नाही.

चाचणीला नाना एकटेच गेले. परत आले ते तोंड पाडून. "मिस्तरी, ब्रेक लागतच नाही." मी बसलो, दाबला, उत्तम. मग खाली वाकून त्यांचा पाय पाहिला. नुसता अंगठा पेडलवर टेकवलेला, टाच हवेत. सहा महिने तसाच चालवला होता त्यांनी घाटात, वीस-वीस किलोचे क्रेट घेऊन.

परवा ऑइल बदलायला आले होते. म्हणाले, अजून पहिला पाय अंगठ्यानेच जातो. चहा मागवला. बिलबुक टेबलावरच होतं.