पप्पांना सांगू नका

सोलापुरात नळ रोज येत नाही. काही दिवसांआड येतो, म्हणून घराघरांत बॅरल, हौद, घागरी भरलेल्या असतात, आणि पावसाळा लागला की त्याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. महापालिकेची माणसं येऊन झाकणं उघडून बघतात, औषधाचे थेंब टाकतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात. भरलेला हौद ओतून कोरडा करायला कुणाचा हात धजतो ते त्यांनीच सांगावं.

मी लॅब टेक्निशियन. डीएमएलटी, म्हणजे लॅबच्या कामाचा डिप्लोमा करून आधी लॅबमध्येच बसायचे, आता घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. लोक मला सिस्टर म्हणतात. मी सिस्टर नाही, पण दारात उभं राहून ते कोण समजावत बसणार! जुलै ते ऑक्टोबर माझी निम्मी कामं डेंग्यूची. त्यातली गेल्या पावसाळ्यातली एक केस अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

अशोक चौकाच्या पुढे, यंत्रमागांचा खडखडाट भिंतीतून ऐकू येतो अशी वस्ती. वडील एका टॉवेल कारखान्यात हिशेबाला, आई युनिफॉर्म शिवणाऱ्या युनिटमध्ये, घरी आजी आणि एक लहान बहीण. पोरगा नऊ वर्षांचा, चौथीतला. ताप सुरू होऊन दुसरा दिवस होता, एनएसवन, म्हणजे डेंग्यूची सुरुवातीची रक्तचाचणी, पॉझिटिव्ह आलेली. बालरोगतज्ज्ञांनी घरीच ठेवायला सांगितलं होतं: भरपूर पाणी, ओआरएस, तापाला फक्त पॅरासिटामॉल, आणि रोज एक सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. धोक्याची लक्षणं कागदावर लिहून दिली होती. पोट दुखणं, वारंवार उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा तगमग, लघवी कमी होणं. यातलं काहीही दिसलं की थेट ॲडमिट. कागद चांगला होता. टीव्हीच्या मागे खोचलेला होता.

पहिल्या दिवशी मी बॅग उघडली आणि वडिलांनी सुरुवात केली. "घाबरायचं नाही हं बाळा. काही होत नाही. अजिबात दुखत नाही. तिकडं बघूच नको. झालं, झालं, काही होत नाही." मी अजून कापूस पण काढला नव्हता. आवाज कापत होता, हात पोराच्या खांद्यावर असे रुतलेले की माझ्या सुईपेक्षा तेच जास्त टोचत असतील.

हे मी इतक्या घरांत ऐकलंय की तोंडपाठ आहे. आईबाप जितक्या वेळा "काही होत नाही" म्हणतात, तितकं पोर जास्त रडतं. माझं एकटीचं निरीक्षण नाही हे. सुई टोचताना मुलांचं काय होतं यावर झालेल्या अभ्यासांतही धीराच्या शब्दांबरोबर रडणं वाढलेलं दिसलंय, आणि मन दुसरीकडे वळवल्यावर कमी झालेलं. कारण सोपं आहे. जेवताना, अंघोळीला, शाळेत जाताना कुणी "काही होत नाही" म्हणत नाही. म्हटलं, म्हणजे काहीतरी होणार आहे हे पोराला बरोबर कळतं.

माझी रीत वेगळी. पोराला खरं सांगते: चिमटा बसेल, तीन आकडे मोजेपर्यंत राहील, मग संपलं. बघायचंय की नाही ते त्याने ठरवायचं. काहींना बघितल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांना जबरदस्तीने तोंड फिरवायला लावलं की ती हात ओढतात. झोपवून, चौघांनी दाबून कधीच नाही. बसूनच, हवं तर मांडीवर. तापात पाणी कमी झालेलं असतं, शिरा बसलेल्या असतात. डोळ्यांनी शोधत बसायचं नाही, बोटाच्या पेराने चाचपायचं, दाबल्यावर उसळी मारते ती शीर. तेवीस नंबरची स्काल्प व्हेन, म्हणजे पंखवाली बारीक सुई, पट्टा बांधून एका मिनिटाच्या आत काम संपलं पाहिजे. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये खुणेपर्यंत रक्त, आणि ट्यूब हळूहळू उलटीपालटी करायची, आठ-दहा वेळा. काही नवीन टेक्निशियन ती न हलवता तशीच ठेवून देतात. मग गुठळ्या होतात, प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, मशीन त्यांना मोजत नाही, आकडा खोटाच खाली येतो आणि एखाद्या घरात रात्रभर रडारड होते. आमच्याकडे आकडा खाली आला की काचपट्टीवर थेंब ओढून डोळ्यांनी बघतात. सगळीकडे बघत नाहीत. असो.

आणि पालकांना मी काम देते. या वडिलांना म्हटलं, "भाऊ, तुम्ही खुर्चीत बसा आणि याला काल मॅचमध्ये काय झालं ते सांगा." ते पांढरे पडायला लागले होते. सुई-रक्ताची भीती बाकीच्या भीतींसारखी नसते. आधी छाती धडधडते आणि मग एकदम रक्तदाब कोसळतो. बापमाणसं उभ्या उभ्या आडवी होतात, मी झेललीयेत. पुष्कळदा ही भीती घराण्यात चालत येते. त्यांना सांगितलं, मांड्या, पोट, मुठी घट्ट आवळा, दहा-पंधरा सेकंद धरा, सोडा, परत आवळा. त्याने दाब टिकतो. केलं बिचाऱ्यांनी.

पोरगा मात्र शांत. हात पुढे केला, बघत राहिला, हूं की चूं नाही. आजी कौतुकाने म्हणाली, "लई शहाणं हाय लेकरू." मीही तेच म्हटलं.

पुढचे दोन दिवस तेच. वडिलांनी मोबाइलमध्ये प्लेटलेटचा आलेख केलेला. पुण्याच्या मेहुण्याचा सल्ला, पपईच्या पानांचा रस, किवी, कुठून तरी शेळीचं दूध. "सिस्टर, दिवसातून दोनदा सीबीसी करू या की." मी डॉक्टरांना विचारा म्हटलं, डॉक्टर नको म्हणाले, तर यांनी दुसऱ्या लॅबवाल्याला बोलावलं. त्याचा आकडा वेगळा आला, कारण एकाच रक्ताचे दोन मशीनवर सहसा एकसारखे आकडे येत नाहीत. मग पुन्हा फोन. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पडायचा तेव्हा पोरगा पलंगावरून रिपोर्टकडे नाही, बापाच्या तोंडाकडे बघायचा. हे मी स्वतः बघितलं, कारण दुसऱ्या दिवशी मी तिथेच असताना कालचा सुधारित रिपोर्ट आला होता. बापाच्या कपाळावर आठी पडली आणि पोराने डोळे मिटून घेतले. झोपल्याचं सोंग. मला ते कळलं, पण पुढच्या घरी जायची घाई होती.

लोक प्लेटलेटच्या इतके का मागे लागतात हे एक कोडं आहे. त्याच कागदावर दोन ओळी वर पीसीव्ही लिहिलेलं असतं, रक्तात तांबड्या पेशींचा टक्का किती ते. डेंग्यूत शिरांमधून पातळ भाग बाहेर झिरपायला लागतो, उरलेलं रक्त दाट होतं आणि हा टक्का चढतो. पोरं दगावतात ती बहुतेक या झिरपण्याने, दाब पडून. नुसत्या प्लेटलेट कमी झाल्या म्हणून रक्तस्राव नसताना प्लेटलेट सहसा चढवायच्या नसतात. पण "पीसीव्ही किती?" असं विचारणारा बाप मला तोवर भेटलेला नव्हता.

तापाच्या पाचव्या दिवशी सकाळी गेले तर घर हसत होतं. ताप उतरलेला. आजीने देवापुढे साखर ठेवलेली, वडिलांनी मला चहा घ्यायलाच लावला. ताप उतरला म्हणजे संपलं असं वाटणं साहजिक आहे, पण डेंग्यूत खरी जपायची वेळ तिथून पुढचा दिवस-दोन दिवस असते. मी ते म्हणाले. वडील हसून म्हणाले, "सांगितलंय की डॉक्टरांनी. पण बघा, कसा फ्रेश दिसतोय!"

मला तो फ्रेश दिसला नाही. ओठ कोरडे, हात गार. "कसं वाटतंय?" विचारलं तर बापाकडे एक नजर टाकून म्हणाला, "मस्त." पट्टा बांधला, रक्त घेतलं, पट्टा सोडला, तर पट्ट्याखालच्या कातडीवर बारीक लाल ठिपके उठलेले. डेंग्यूत उठतात ते, त्यावरून घाबरायचं कारण नसतं, पण मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं.

तेवढ्यात बाहेरून ओरड आली, "पाणी आलं!" सोलापूरकरांना सांगायला नको. वडील मोटर लावायला पळाले, आजी घागरी घेऊन मागे. खोलीत आम्ही दोघंच.

पोरगा हळूच म्हणाला, "मावशी, पोट लई दुखालंय. रातच्यापासनं. तीनदा ओकलो."

"मग सांगितलं नाहीस?"

"बाथरूममध्ये जाऊन ओकलो. पाणी टाकलं वरनं. पप्पांना सांगू नका."

"का रे?"

"ते रडतेत. काल रात्री मोबाइल बघून रडले, मी झोपलोय समजले. आज पहिल्यांदा हसलेत."

शेजारी झोपलेल्या बापाला जाग येऊ नये म्हणून नऊ वर्षांचं लेकरू तीनदा एकटं उठून बाथरूममध्ये गेलं होतं. त्या घरात दिवसरात्र त्याच्यावर कुणाची ना कुणाची नजर होती. धोक्याची लक्षणं लिहून दिलेली होती. आणि दोन लक्षणं त्याने पाणी टाकून धुऊन काढली.

मी म्हटलं, "राजा, हे मला सांगावंच लागेल, पोटदुखी लपवायची नसते. पण तुझ्यासमोर सांगते, तुझ्या पाठीमागे नाही. आणि पप्पांना काय करायचं तेही सांगते, म्हणजे ते रडत बसणार नाहीत. चालेल?" त्याने मान हलवली. नाराजच होता.

वडील येईपर्यंत डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, रिपोर्टची वाट बघू नका, घेऊन या. मग वडिलांना बसवलं आणि चार वाक्यांत सांगितलं: रात्रीपासून पोट दुखतंय, तीन उलट्या झाल्या, डॉक्टरांनी आत्ता बोलावलंय, त्यावर उपचार सलाईन आहे. त्यांचं तोंड उघडायच्या आत कामं लावली. फाइल घ्या, सगळे रिपोर्ट त्यात घाला, आईला फोन करा, रिक्षा आणा, शेवटची लघवी कधी झाली ते याला विचारून कागदावर लिहा. माणसाचा हात कामाला लागला की आवाज ताळ्यावर येतो. रिक्षात बसताना ते पोराला फक्त एवढंच म्हणाले, "पाय इकडं घे."

दुपारी रिपोर्ट आला. प्लेटलेट आदल्या दिवशीच्या एक लाख दहा हजारावरून अठ्ठेचाळीस हजार. पीसीव्ही छत्तीसवरून चव्वेचाळीस. वडिलांचा फोन अठ्ठेचाळिसासाठी आला. डॉक्टर चव्वेचाळिसासाठी सलाईनचा वेग ठरवत होते. दोन रात्री हॉस्पिटलात, तासातासाला नाडी, दाब आणि लघवीचं माप, प्लेटलेट चढवाव्या लागल्या नाहीत. पोरगा सुटला.

वॉर्डात डॉक्टरांनी वडिलांशी बराच वेळ बोलणं केलं म्हणे. वडिलांनी नंतर मला सांगितलं ते असं. भीती वाटते ती दाबून हसरं तोंड करू नका, पोरांना खोटं तोंड ओळखता येतं. सरळ म्हणा, मला काळजी वाटतेय, आणि त्यासाठी आपण हे हे करतोय. रडायचं, बोलायचं ते बायकोजवळ, भावाजवळ. रात्री दोनला मोबाइलजवळ नाही. रिपोर्ट पोरासमोर उघडायचा नाही. आणि ठरलेल्या वेळी ठरलेले तीनच प्रश्न: पोट, उलटी, लघवी. उत्तर काहीही आलं तरी आपण म्हणायचं तेच, "बरं झालं सांगितलंस."

वडील मला म्हणाले, "सिस्टर, मी घाबरलो नसतो तर त्यानं सांगितलं असतं का हो?"

मी म्हटलं, नऊ वर्षांच्या पोराला डेंग्यू झाल्यावर जो बाप घाबरत नाही तो मला आवडत नाही. हे खरंच म्हणाले मी. पण त्यांचं उत्तर ते नव्हे हे मला माहीत आहे. त्या घरात आई पण घाबरलेली असणारच. ती दिवसभर मशीनवर कॉलर शिवायची आणि रात्री लहानीला घेऊन आतल्या खोलीत झोपायची. तिला पोराने का नाही सांगितलं, हे कुणी विचारलंच नाही. मीही नाही. आणि सगळ्यांनी मिळून त्या पोराला पहिल्या दिवसापासून "शहाणा" म्हणून ठेवलं होतं. शहाण्या पोराने मग काय ओरडायचं? आता एखादं लेकरू सुई लागताना अगदीच गप्प बसलं, की मी आईबापांना काहीतरी आणायला आत पाठवते आणि दोन मिनिटं जास्त थांबते. बहुतेक वेळा काहीच निघत नाही, पुढच्या घरी उशीर होतो आणि तिथला माणूस घड्याळ दाखवतो.

आठवड्याने पुन्हा नमुना घ्यायला गेले. वडील सांगायच्या आधीच खुर्चीत बसले आणि मांड्या आवळून धरल्या. पोरगा म्हणाला, "आई गं, दुखलं!" पहिल्यांदाच. वडील म्हणाले, "दुखलं का? दाबून धर कापूस." मोबाइल आत आईकडे होता. संध्याकाळी फोन मात्र आलाच. "सिस्टर, पीसीव्ही किती आला ओ?"