तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरची निनावी कविता टिकते कशी?

इटलीत फ्लॉरेन्सच्या भिंतींवर कविता चिकटवून जाणारे लोक कोण, आणि तो कागद टिकतो कसा, असं बरेचजण विचारतात. कोण, याचं उत्तर मुद्दामच मिळू देत नाहीत. 2010 साली तिथे सुरू झालेल्या ‘कवितेच्या मुक्तीची चळवळ’ या गटाच्या कागदांवर कवीचं नाव नसतं, फक्त खाली एक सांकेतिक खूण. टिकतो कसा, हे मात्र सांगता येतं. ती करामत खळीची. पतंगाला आणि वहीच्या पुठ्ठ्याला लागते तीच.

एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. चार वाट्या पाण्याला उकळी आली की बारीक धारेने त्यात ओता आणि मंद आचेवर ढवळत राहा. पांढरट मिश्रण काचेसारखं अर्धपारदर्शक दिसू लागलं की उतरवा. मैदा थेट उकळत्या पाण्यात टाकलात तर बाहेरून शिजून आत कोरडा राहतो आणि गुठळ्या ब्रशखाली कागद फाडतात. एवढ्या खळीत ए-३ आकाराचे दहा-बारा कागद होतात. दोन दिवसांत ती आंबते. बुकबाइंडर कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात, पण ते विषारी, त्याचं भांडं स्वयंपाकघरात परत नेऊ नये.

कागद पातळ हवा, 70-80 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा). जाड कागदाचे कोपरे वळतात. छपाई लेझरची किंवा झेरॉक्सची. इंकजेटची बहुतेक शाई पाण्यात विरघळते आणि कवितेचा निळसर ओघळ होतो. देवनागरीत आणखी एक भानगड: बारीक वळणाचा टाइप घेतला तर लांबून अनुस्वार आणि रफार आधी गायब होतात. जाड टाइप, अक्षर दीड-दोन सेंटीमीटर उंच, ओळी सहा-आठ. यापेक्षा लांब कविता चालता माणूस वाचत नाही, कितीही चांगली असो.

भिंत कोरड्या ब्रशने झाडा. चुन्याची असेल तर सोडून द्या. खळ चुन्याला धरते आणि चुनाच पापुद्र्यासकट सुटतो. कागदाच्या मागे खळ लावून मिनिटभर थांबा. ही पायरी सगळे गाळतात. ओला कागद फुगतो. तो हातात फुगू द्यायचा, भिंतीवर फुगला की सुरकुत्या पडतात. भिंतीलाही खळीचा एक हात द्या, वरची कड आधी टेकवा, मधून कडेकडे हात फिरवत हवा काढा, शेवटी कागदावरूनही खळीचा पातळ हात. कडा कोरड्या राहिल्या की पाणी तिथूनच शिरतं.

फेव्हिकॉल घालू का, असंही विचारतात. घालू नका. मग कागद सहज निघत नाही, आणि भिंत दुसऱ्याची आहे. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध 1995 चा कायदा आहे आणि निनावी असणं म्हणजे परवानगी नव्हे. मालकाची लेखी संमती घ्या, नाव फक्त वाचणाऱ्यापासून लपवा. सिडनीच्या आर्थर स्टेसने फुटपाथवर ‘इटर्निटी’ (अनंतकाळ) हा एकच शब्द सुमारे 35 वर्षं लिहिला, 1956 पर्यंत लोकांना तो कोण हे ठाऊक नव्हतं. त्यालाही खडू पुरला.

काढायचं असेल तेव्हा कोमट पाण्याचा फडका दहा मिनिटं दाबून धरा आणि पत्र्याऐवजी प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा.