उजळाईवाडी ते हैदराबाद, चटणीसकट

कोल्हापुरात अजूनही विमानाला माणूस एकटा जात नाही. महालक्ष्मी एक्सप्रेसला सोडायला कुणी येत नाही, एसटीला तर नाहीच नाही. पण विमान म्हटलं की गाडी भरते. आत्तीला हैदराबादमार्गे तिरुपतीला न्यायचं ठरलं आणि तिला सोडायला दोन गाड्या निघाल्या. नातवंडं, चुलत्या, शेजारच्या काकी, शिवाय "विमान जवळनं बघतो" म्हणून आलेला दूधवाला. उजळाईवाडीच्या नव्या टर्मिनलसमोर हे लटांबर उतरलं तेव्हा मला थोडी लाज वाटली, पण शेजारी कागलचं एक कुटुंब आमच्याहून मोठा ताफा घेऊन फोटो काढत होतं. मग मीही केस सारखे केले.

फोटोला जागा आहेच तशी. १० मार्च २०२४ ला उद्घाटन झालेल्या या इमारतीला पन्हाळ्याची आठवण व्हावी अशा मोठाल्या कमानी आहेत. मला त्या आवडल्या. हल्ली कुठल्याही गावचा विमानतळ बघा, काच आणि पत्रा. आपण कुठे उतरलो ते पाटी वाचून कळतं. इथं निदान तसं होत नाही.

आत्तीचं सगळं लक्ष मात्र हातातल्या पिशवीवर. त्यात भाचीसाठी घरी कुटून आणलेली कांदा-लसूण चटणी होती, हॉर्लिक्सच्या जुन्या बरणीत दाबून भरलेली. भाची हैदराबादला आयटीत आहे. मिरचीच्या मुलखात मिरची कशाला, असं मी घरी म्हणून बघितलं होतं. "त्यांची त्यांना लखलाभ," एवढंच उत्तर आलं. मोठी बॅग काउंटरवर गेली, आणि ही पिशवी? "जवळ असूंदे, तेल सुटतंय तिला."

सुरक्षा तपासणीत मशीनचा पट्टा थांबला. बरणी बाहेर. तिखट केबिनमध्ये नेता येत नाही, हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. एक मूठ हवेत उडाली तर पायलटसकट सगळे डोळे चोळत बसतील. जवानानं तो शांतपणे सांगितला. आत्तीनं तो शांतपणे ऐकला आणि बरणी परत हातात घेतली. "मग मी हितंच थांबतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका 'येतो, जातो' असंच म्हणतात. बाहेरच्या हैदराबादी प्रवाशाला मात्र वाटलं की आत्तीच्या मागचे कुणी आजोबा बोलले, आणि तो मागं वळून बघायला लागला.

मागं रांग वाढत होती. मी 'सोडून दे, कुरिअरनं पाठवू' वगैरे पुटपुटलो. तेवढ्यात काउंटरवरची मुलगी आली. वय असेल तेवीस-चोवीस, कपाळावर बारीक टिकली, गळ्यात ओळखपत्र. तिनं बरणीचं झाकण फिरवून बघितलं, वास घेतला आणि विचारलं, "काकी, घरची व्हय?"

"मग काय दुकानची?"

"द्या हिकडं. पोटात घालून धाडतो विमानाच्या. नीट बांधतो, काळजी करू नगा."

आणि तिनं खरंच बांधली. आधी प्लास्टिकची पिशवी, मग वर्तमानपत्र, मग चिकटपट्टीचे इतके वेढे की आत बरणी आहे हे कळेना. कुठूनसा एक रिकामा खोका आणला, बरणी मध्ये ठेवली, चहूबाजूंनी कागद कोंबला, वर टॅग लावला. सगळं मिळून सातेक मिनिटं. ती गडमुडशिंगीची निघाली. धावपट्टी वाढवायला ज्या गावची जमीन गेली त्यातलं ते एक. तुमचीही गेली का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ती चिकटपट्टी दातानं तोडत होती, विचारलं नाही. आत्तीनं तिला पिशवीतली एक चिक्की दिली. तिनं ती तिथंच खाल्ली.

मला विमानतळांचा एरवी राग आहे. चहाला काय मागतात ते लिहीत नाही, पुन्हा रक्तदाब वाढेल. पण ही सात मिनिटं लिहिण्यासाठीच हा लेख आहे. माणसं वाढली, इमारत आणखी मोठी झाली, की खोका शोधायला कुणाला वेळ राहणार? ती मुलगी तोवर तिथंच असावी एवढं मात्र वाटतं.

विमान कोल्हापूरला नवीन नाही. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ ला, हा विमानतळ सुरू झाला. पुढचा इतिहास मात्र सुरू झालं-बंद पडलं असा. किंगफिशरची सेवा थांबल्यावर आम्ही वर्षानुवर्षं पुणे नाहीतर बेळगावचं सांबरा गाठत होतो. २०१८ मध्ये छोटी शहरं विमानानं जोडणाऱ्या केंद्राच्या 'उडान' योजनेतून विमानं परत आली, त्याच डिसेंबरात हैदराबाद जोडलं गेलं, २०१९ ला तिरुपती. तिरुपतीला इथून गिऱ्हाईक मिळणारच. बालाजी केला आणि अंबाबाई केली नाही तर यात्रा अपुरी, अशी श्रद्धा आहे. नवरात्रात तिथून देवीला शालूही येतो. पण 'उडान'चं अनुदान एका मार्गाला तीन वर्षं. त्यानंतर मार्ग आपल्या पायावर उभा राहिला तर राहिला. म्हणून कुठलं शहर सध्या जोडलेलं आहे हे कोल्हापूरकराला दर वेळी नव्यानं बघावं लागतं. आमच्या तारखेला तिरुपतीचं सरळ विमान नव्हतं, म्हणून हैदराबाद.

धावपट्टी १३७० मीटरची १९३० झाली, तरी मोठं बोइंग-एअरबस अजून इथं नाही. आम्हाला मिळालं ते एटीआर, पंख्याचं छोटं विमान. चालत जायचं, मागच्या दारानं चढायचं. आत्ती पंख्यापाशी थांबली. "उघडाच हाय की रे ह्यो." आत बसल्यावर तिनं देऊळ कुठल्या बाजूला ते विचारलं. मी अंदाजानं बोट दाखवलं, तिनं हात जोडले. उसाची रानं, गोकुळ शिरगावचे पत्रे, हायवे, मग ढग.

हैदराबादला भाचीकडे जेवलो, चारमिनार बघितला, रात्रीच्या गाडीनं तिरुपती, दर्शन झालं. गर्दीबद्दल काय लिहू, सगळ्यांना माहीत आहे. बरणी सुखरूप पोचली होती. भाचीला चिकटपट्टी सोडवायला सुरी लागली.

परत मात्र आत्तीनं हरिप्रिया एक्सप्रेसच धरली. विमानात कुणी बोलत नाही, खिडकीशी बसलं तरी गावांची नावं कळत नाहीत, आणि दशमीची पुरचुंडी उघडून खायला लाज वाटते, ही तिची तीन कारणं. हरिप्रियेत तिनं हुबळीपर्यंत अख्ख्या डब्याला विमानाची गोष्ट सांगितली.

आता तिच्या भिशीतल्या बायकांना विमानानंच जायचं आहे. तिकीट बघायचं काम माझ्याकडे आलंय. दिवाळीच्या आठवड्याचा दर बघितला आणि फोन उलटा ठेवला. 'सामान्य माणसाचं विमान' म्हणतात ते सणासुदीला बहुतेक सुट्टीवर असतं. बायकांना अजून सांगितलेलं नाही. त्या आधी खोके जमवायला लागल्या आहेत.