मेल डिलीट केले तरी ईडीबी फाइल तेवढीच का?

भोसरीतल्या एका क्लायंटकडे एक्सचेंज सर्व्हरची (मायक्रोसॉफ्टचा ऑफिसचे मेल सांभाळणारा सर्व्हर) डिस्क लाल झाली, म्हणजे भरत आली, साहेबांनी सगळ्यांना जुने मेल उडवायला लावले, लोकांनी उडवलेही बिचाऱ्यांनी, आणि सगळे मेल जिच्यात साठतात ती ईडीबी फाइल, म्हणजे डेटाबेस, जैसे थे. "अहो पण डिलीट केलंय ना सगळ्यांनी?" हे मला दिवसभर ऐकावं लागलं.

तर ईडीबी फाइल आपणहून कधीच लहान होत नाही. डिलीट केलेला मेल आधी रिटेन्शनमध्ये, म्हणजे परत मिळवता यावा म्हणून, पडून राहतो, डिफॉल्ट १४ दिवस, मग सर्व्हरच्या मेंटेनन्समध्ये ती जागा फाइलच्या आतच मोकळी होते आणि नवीन मेल तिथे बसतात. विंडोजला मात्र एक एमबी परत मिळत नाही.

मग कोणीतरी ईएसईयुटिल स्लॅश डी, म्हणजे डेटाबेस आवळून लहान करणारी कमांड, सुचवतंच. त्याला डेटाबेस डिसमाउंट करावा लागतो, म्हणजे मेल बंद, वर डेटाबेसच्या साधारण ११० टक्के मोकळी जागा हवी, आता डिस्क भरलीये म्हणून तर हे सगळं चाललंय ना! मला तो प्रकार अजिबात आवडत नाही. त्यापेक्षा दुसऱ्या डिस्कवर नवीन डेटाबेस बनवा, मेलबॉक्स थोडे थोडे तिकडे हलवा, लोक काम करत राहतात. आम्ही गुरुवारी केलं, एमआयडीसीला सुट्टी असते. मूव्ह चालू असताना लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फाइली, धडाधड वाढतात तेवढं बघा, प्रत्येकी १ एमबीची फाइल, त्या हाताने उडवू नका, फुल बॅकअप झाला की आपोआप साफ होतात. जुना डेटाबेस उडवला की डिस्कवरची जागा सुटते, पण लगेच घाई नको, बॅकअप उघडून बघा आधी.

आणि साहेबांचा मेलबॉक्स सगळ्यात मोठा निघाला, अर्थात.