ट्रस्ट काढताना एका ‘ष्ठ’पायी गेलेले चार महिने

आधी हेच सांगतो. ट्रस्टचं नाव ज्या दिवशी ठरवाल, त्याच दिवशी ते इंग्रजीत कसं लिहायचं हेही ठरवून टाका. कागदावर लिहा, सगळ्या विश्वस्तांच्या सह्या घ्या आणि टायपिस्ट, वकील, सीए, भाषांतर करणारा, ज्याच्या ज्याच्या हातात तुमचं काम जाणार आहे त्याला त्या कागदाचा फोटो पाठवा. मी हे केलं नाही आणि माझे चार महिने गेले.

मी चौदा वर्षं विनोदी एकपात्री कार्यक्रम केले. गणेशोत्सव, कंपन्यांची स्नेहसंमेलनं, बोलावतील तिथे गेलो. त्यातून साठलेल्या पैशांवर साउंड आणि लाइट भाड्याने देण्याचा धंदा टाकला, तो चालला. आता प्रयोग मोजकेच करतो. धंदा भाऊ बघतो आणि माझा बहुतेक वेळ पडद्यामागच्या माणसांची दुखणी आणि त्यांच्या मुलांची शिक्षणं यांत जातो. शिडीवर चढून लाइट बांधणाऱ्याला ना पीएफ, ना विमा. प्रयोग संपला की हातात पडणारं पाकीट, एवढीच त्याची कमाई. हसवणाऱ्या माणसांनी असं काम करणं आपल्याकडे नवीन नाही. 1986 साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, त्यामागे पु. ल. देशपांडे यांची देणगी होती. मकरंद अनासपुरे यांनी नाना पाटेकर यांच्याबरोबर 2015 मध्ये नाम फाउंडेशन सुरू केलं. मीही हौसेने उतरलो, पण कागदपत्रांचं नीट सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून हे लिहितोय.

नोंदणीबद्दल लोक फार घाबरवतात. मला तिथे काहीच त्रास झाला नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ट्रस्ट 1950 च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. कलम 18 खाली अर्ज, मग कलम 19 ची चौकशी. ट्रस्ट डीड (म्हणजे ट्रस्ट स्थापनेचा दस्त), विश्वस्तांची संमतीपत्रं, शपथपत्र, जागामालकाचं ना हरकत पत्र आणि वीजबिल एवढं नीट लावून दिलं होतं. वेळेत ‘ई’ नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक पडला, प्रमाणपत्र आणि शेड्यूल-वनचा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदवहीचा उतारा हातात आला. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले.

एक गोष्ट मात्र डीड करतानाच सुधारली, ती सांगायला हवी. पहिल्या मसुद्यात मी ‘आमच्याकडे काम करणारे तंत्रज्ञ’ असं लिहिलं होतं. सीएने ते खोडलं. आपल्याच फर्मच्या नोकरांपुरता ट्रस्ट हा सार्वजनिक ट्रस्ट होत नाही आणि पुढे करसवलतही अडते. मग ‘रंगभूमी, लोककला व करमणुकीच्या क्षेत्रात पडद्यामागे काम करणाऱ्या गरजू व्यक्ती’ असा उद्देश घातला. वैद्यकीय मदत आणि शिक्षण हे दोन्ही शब्दही स्पष्ट घातले. विश्वस्ताला किंवा त्याच्या नातेवाइकाला ट्रस्टच्या पैशाचा फायदा होता कामा नये, हे कलम तर हवंच.

आता बँक.

आमच्या नावात शेवटी ‘प्रतिष्ठान’ आहे. मराठीत ‘ष्ठ’ हे एकच जोडाक्षर, पण इंग्रजीत त्याला चार अक्षरं लागतात: एस, एच, टी, एच. ट्रस्टच्या पॅनचा अर्ज भरणाऱ्या मुलाने एस नंतरचा एच गाळला. मी पॅन कार्ड पाहिलं, नाव वाचलं, मला ते बरोबरच वाटलं. नोंदणीचं प्रमाणपत्र मराठीत होतं. कागद घेऊन बँकेत गेलो तर खातं उघडणाऱ्या मॅडम म्हणाल्या, इंग्रजी भाषांतर आणा, नोटरी करून. आणलं. भाषांतर करणाऱ्याने पहिला एच ठेवला होता आणि टी नंतरचा गाळला होता. तिसऱ्या खेपेला मॅडमनी पॅन कार्ड, भाषांतर आणि खातं उघडण्याचा आमचा ठराव टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि पेन्सिल टेकवत एकेक अक्षर खाली नेलं. एस, टी, एच. एस, एच, टी. ठरावात चारही अक्षरं होती. म्हणजे एकाच संस्थेची तीन नावं. “सर, यातली खरी संस्था कुठली?” असं त्यांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

इथपर्यंत चूक आमचीच होती, ती मान्य आहे. राग आहे तो पुढच्याचा. तिन्ही कागद एक करून नेले, तेव्हा मॅडमची बदली झाली होती. नवीन साहेबांनी फाइल पहिल्यापासून उघडली. त्यांना सगळे विश्वस्त एकाच दिवशी समोर हवे होते. आमचे एक विश्वस्त ढोलकीवादक, ते दौऱ्यावर. ते परत आले तर फाइल ‘वर’ गेलेली. वर म्हणजे कुठे, हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. काय कमी आहे ते एकदाच लिहून द्या, अशी मी विनंती केली. लेखी देण्याची पद्धत नाही, असं उत्तर मिळालं. दर खेपेला एक नवा कागद. कधी शिक्का गोल हवा, कधी ठरावाच्या प्रत्येक पानावर अध्यक्षांची सही हवी. आठ हेलपाटे झाले. मला आजही त्या काचेच्या दारासमोरून जाताना चिडायला होतं.

तुम्ही जाल तेव्हा पहिल्याच भेटीत ट्रस्टसाठी लागणाऱ्या कागदांची छापील यादी मागा. मिळाली नाही तर स्वतः ईमेल करा: ‘आज झालेल्या बोलण्याप्रमाणे पुढील कागद सादर करत आहे.’ मी हे सहाव्या खेपेनंतर सुरू केलं आणि त्यानंतर दोनच खेपा लागल्या. पॅन दुरुस्तीला नोंदणीचं प्रमाणपत्रच पुरावा म्हणून चालतं. मात्र आधी पॅन दुरुस्त करा, मगच भाषांतर त्यावरून करून घ्या. मी उलटं केलं आणि नोटरीचे पैसे दोनदा दिले.

या सगळ्यात माझी एक घाई नडली. नोंदणी झाल्याच्या आनंदात मी एक प्रयोग लावला आणि स्टेजवरून जाहीर केलं की आजचं सगळं उत्पन्न संस्थेला. संस्थेला खातंच नव्हतं. तिकिटांचे 2,18,400 रुपये माझ्या फर्मच्या खात्यात जमा झाले. सीए म्हणाला, “हे तुझ्या फर्मचं उत्पन्न आहे, देणगी नाही.” कर मी भरला, संस्थेला नंतर पूर्ण रक्कम दिली, पण चार महिने ती नुसती पडून राहिली.

त्याच दिवसांत आमच्या ओळखीचा एक लाइटवाला शिडीवरून पडला. माझ्याकडे नोकरीला नाही, सगळ्यांकडे फिरून काम करतो. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन. त्याच्या बायकोचा फोन आला की मी फाइलकडे बघायचो. शेवटी पैसे खिशातून दिले. त्याला भेटायला गेलो तेव्हा त्याने विचारलं, “दादा, हे संस्थेचे का तुमचे?” मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, “मग फेडीन.” संस्थेचे असते तर त्याने ते हक्काने घेतले असते. माझे होते म्हणून ते त्याच्यासाठी कर्ज झालं. हे मला तिथे पलंगाशेजारी बसल्यावर कळलं, आणि त्यानंतर मी एकाही खेपेला कंटाळा केला नाही.

नाव-नंबर जुळल्यावर आयकराचं काम सोपं गेलं. तेव्हा 10ए फॉर्म भरून 12ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) दोन्हींची तात्पुरती नोंदणी तीन वर्षांसाठी मिळत होती. काम सुरू झालं की सहा महिन्यांत तेव्हाचा 10एबी फॉर्म भरून नियमित नोंदणीसाठी अर्ज करायचा, हे विसरू नका. मी भिंतीवर तारीख लिहून ठेवली होती. देणगीदाराचा पॅन किंवा आधार त्याच दिवशी घ्या, कारण तेव्हा वर्षाच्या देणग्यांचं 10बीडी नावाचं विवरण 31 मे पर्यंत द्यायचं होतं आणि उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये भरावे लागायचे. रोख 2,000 च्या वर दिले तर देणगीदाराला देणगीवरची करसवलत मिळत नाही. नवीन करप्रणाली घेतलेल्यांनाही ती मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा. मागून कळलं की त्याला फसवल्यासारखं वाटतं. आणि हो, विश्वस्त बदलला तर 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज. हे नोंदणीच्या भागात सांगायला हवं होतं.

खातं उघडलं त्या दिवशी साहेबांनी पासबुक पुढे सरकवलं. मी ते तिथेच उभ्या उभ्या अक्षर अक्षर वाचलं. एस, एच, टी, एच.

तो लाइटवाला आता काठी घेऊन चालतो, शिडी सोडून कन्सोलवर, म्हणजे लाइट चालवायच्या बोर्डवर बसतो. दर महिन्याच्या पाच तारखेला मला हजार रुपये पाठवायचा. नको म्हटलं तर दुखावला. मग त्याला संस्थेचा खाते क्रमांक दिला. त्याच्याकडे पॅन नाही, आधारवर पावती केली. पावतीवरचं त्याचं नाव मी आधार कार्ड शेजारी ठेवून दोनदा तपासलं.