गाडी कुठाय?

"अरे, पण यात गाडी कुठाय?"

मित्र हौसेने बाइक राइडचा व्हिडिओ दाखवत होता. त्याच्या आईने दोन मिनिटं बघून एवढंच विचारलं. काकूंनी मर्मावरच बोट ठेवलं.

कॅमेरा हेल्मेटच्या टाळूवर. त्यामुळे रस्ता, आभाळ, पुढच्या ट्रकची पाठ, सगळं आहे. हँडल नाही, मीटर नाही, क्लचवरची बोटं नाहीत. त्याआधी हँडलवर लावून पाहिला होता, तर इंजिनाच्या थरथरीने अख्खं चित्र जेलीसारखं डुलत होतं.

कॅमेरा फोर-के घ्यावा की त्याहून बारीक तपशील टिपणारा फाइव्ह-के, यावर पठ्ठ्याने रात्री जागवल्या होत्या. लावायचा कुठे, हे मात्र पाच मिनिटांत उरकलं. आपल्यातल्या बहुतेकांचं असंच. सगळी अक्कल खरेदीत खर्च!

संध्याकाळी माउंट, म्हणजे कॅमेरा अडकवायचा तुकडा, हेल्मेटच्या हनुवटीपाशी चिकटवला. तिथून हातही दिसतात आणि वळणावर गाडी कलते तेही कळतं. फक्त चिकटपट्टीला घट्ट धरायला 24 तास द्यायचे असतात. त्याला कुठला दम! चावी हातातच.

आता प्रश्न आवाजाचा. वाऱ्याच्या घोंघाटात इंजिन ऐकूच येत नाही. हेल्मेटच्या आत वेगळा माइक कोणी लावलाय का?