चाळीस मिलीसेकंदांचा धंदा

आमच्या दुकानाच्या पाटीवर अजून ‘व्हिडिओ शूटिंग व मिक्सिंग’ असंच आहे. मुलगा म्हणतो, बाबा, मिक्सिंग आता कुणी म्हणत नाही, पोस्ट प्रॉडक्शन लिहू. मी म्हणतो, कराडात पोस्ट म्हटलं की लोक रजिस्टर पाकिटं घेऊन येतील. पाटी तशीच आहे, फक्त तिच्यावरचा फोन नंबर दोनदा बदलला.

सुरुवात १९९६ ची. दोन एस-व्हीएचएस व्हीसीआर, तिसरा रेकॉर्डिंगला, आणि मधे पॅनासॉनिकचा एमएक्स-५० मिक्सर, तोही जुना विकत घेतलेला. डाव्या मशीनमध्ये हळदीची कॅसेट, उजवीत लग्नाची. दांडा पुढं ढकलला की एक चित्र सरकून दुसरं यायचं. मोझॅइक, निगेटिव्ह, स्ट्रोब, पेंट अशी बटणं होती. बटण दाबलं की त्याच क्षणी पडद्यावर दिसायचं. ‘रिअलटाइम’ हा शब्द तेव्हा आम्हाला माहीत नव्हता, कारण त्याहून वेगळं काही असतं हेच माहीत नव्हतं.

तोटा एवढाच की चुकलं तर मागं जाऊन पुन्हा. आणि मूळ कॅसेटवरून मास्टर, मास्टरवरून गिऱ्हाइकाची प्रत, असं करत तिसऱ्या पिढीला शालूचा लाल रंग काठाबाहेर सांडायचा. लोक म्हणायचे, कॅमेरा भारी नव्हता वाटतं. कॅमेरा चांगला होता हो, प्रतीची प्रत होती ती.

२००१ ला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कॉम्प्युटर आणला. मिनी डीव्ही कॅमेरा, त्यातलं चित्र कॉम्प्युटरात घ्यायला फायरवायर कार्ड, आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रीमियर. डीव्हीचं चित्र ७२० बाय ५७६, आणि तासाभराच्या टेपला साधारण १३ जीबी जागा. ४० जीबीच्या डिस्कवर तीन तास भरले की पुढच्या लग्नासाठी मागचं पुसायचं. कितव्याही प्रतीला रंग मूळचाच, हे बघून धाकटा भाऊ आणि मी अक्षरशः नाचलो होतो. नाच दुसऱ्या दिवशी थांबला. दोन तुकडे जोडून मधे साधा डिझॉल्व्ह टाकला, म्हणजे एक चित्र विरत दुसरं येणं, तर टाइमलाइनच्या, म्हणजे तुकडे ओळीनं मांडायच्या पट्टीच्या, वर लाल रेघ आली. रेंडर करा, म्हणजे मशीनला ते चित्र बनवून ठेवू द्या, मग दिसेल.

जुन्या मिक्सरवर दांडा ढकलून जे दोन सेकंदांत दिसायचं, त्यासाठी नव्या मशीनपुढं हात जोडून बसायचं! नवरीचा चेहरा बदामात, मागं ढग, वर पाकळ्या, असं तीन मिनिटांचं गाणं लावलं तर दोन तास धरून चाला. म्हणून रेंडर रात्रीला. आणि रात्री भारनियमन. पहाटे चारला बायको उठून डोकवायची आणि म्हणायची, “अहो, तुमचं ते ब्याऐंशी टक्क्यांवर होतं, लाइट गेली.” त्या वर्षांत बॅटरी-इन्व्हर्टरवर जेवढा खर्च केला तेवढ्यात एक चांगला कॅमेरा आला असता.

लाल रेघ का येते, हे मला फार उशिरा नीट कळलं. आपल्याकडं टीव्हीची पाल पद्धत, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ स्थिर चित्रं. म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला ४० मिलीसेकंद. तेवढ्या वेळात मशीननं डिस्कवरून फ्रेम उचलायची, उलगडायची, रंग सुधारायचा, टायटल चढवायचं आणि पडद्यावर ठेवायची. ४० च्या आत सगळं उरकलं तर रिअलटाइम. एकेचाळीसावा लागला की चित्र अडखळलं. पुढची वीस वर्षं आम्ही जे काही विकत घेतलं ते या चाळीसाच्या आत बसण्यासाठी.

२००३ ला रिअलटाइम कार्ड घेतलं. किंमत जवळजवळ कॉम्प्युटरइतकीच. त्याचं नाव घेत नाही, कारण आमच्या मदरबोर्डशी त्याचं कधी जमलं नाही आणि चूक कुणाची ते आजवर ठरलेलं नाही. चाललं की मात्र बघत राहावं असं चालायचं. पान उलटल्यासारखा इफेक्ट, चित्रात चित्र, रंगदुरुस्ती, सगळं प्ले दाबताच. मेख अशी की कार्डाच्या चिपवर जेवढे इफेक्ट बसवलेले तेवढेच फुकटात. त्यापलीकडचा एक जरी लावला, किंवा तिसरा थर चढवला, की रेघ पुन्हा लाल.

मग आम्ही काय केलं? लग्नाला काय शोभतं ते बघायचं सोडून कार्डाला काय जमतं ते लावत सुटलो. अंतरपाट पडतो तिथं पान उलटलं. पाठवणीत मुलगी आईच्या गळ्यात पडली, तिथंही पान उलटलं. आता ती मास्टर बघताना लाज वाटते. तेव्हा तेच मागून न्यायचे, हेही खरं. पण मागायचे ते आम्हीच दाखवलं होतं म्हणून.

दुसरा बदल आमच्या ध्यानीमनी नव्हता. रेंडरच्या काळात गिऱ्हाईक दुकानात बसत नसे, लाल पट्टी सरकताना कोण बघणार? रिअलटाइम आलं आणि लोक खुर्च्या ओढून शेजारी बसू लागले. “मामांचा फोटो जरा मोठा करा.” “आत्याबाई दोनदा आल्यात, सासूबाई एकदाच, बरोबर दिसत नाही.” लगेच करून दिसतं म्हटल्यावर लगेच बदलताही येतं. मशीननं जे दोन तास वाचवले ते नातेवाइकांनी खाल्ले, वर चहा आमचा. शेवटी पाटी लावली: दोन बैठका, तिसरीला पैसे. आमच्या धंद्यात रिअलटाइमनं वेळ वाचला असं जो सांगेल त्यानं बहुधा गिऱ्हाईक शेजारी बसवलेलं नसावं.

तरी मी त्याच्या विरोधात नाही. का, ते पुढं सांगतो.

२०१० ला प्रीमियर सीएस५ आलं आणि आमचं ते महागडं कार्ड कपाटात गेलं. आता काम ग्राफिक कार्डावर. एचडीची एक फ्रेम १९२० बाय १०८०, म्हणजे २० लाखांवर ठिपके, आणि सेकंदाला अशा २५. रंग उजळायचा म्हणजे प्रत्येक ठिपक्याला तेच गणित. प्रोसेसर हुशार, पण मोजक्या हातांचा. ग्राफिक कार्ड म्हणजे भांगलणीची टोळी, शेकडो हात एकाच वेळी वाफ्यात. अडचण अशी की कंपनीनं मान्य केलेल्या कार्डांची यादी छोटी आणि त्यातली कार्डं महाग. पण ती यादी प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये होती. तिच्यात आपल्या एनव्हिडियाच्या कार्डाचं नाव टाइप करून सेव्ह केलं की झालं. जगभरच्या एडिटरांनी हे केलं, आम्हीही केलं. लाल रेघ पिवळी झाली, म्हणजे रेंडरशिवाय चालेल, त्या रात्री भावानं पेढे आणले.

आमच्या भागातले बरेच जण तोवर एडियस या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर गेले होते. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे तुकडे एकाच टाइमलाइनवर विनातक्रार चालवण्यात ते सरस होतं, हे मान्य. मी प्रीमियरवरच राहिलो, हाताला शॉर्टकट बसले होते म्हणून. दुसरं कारण नाही.

नव्या पोरांना एक गोष्ट सारखी सांगावी लागते. इफेक्ट एकही नसताना व्हिडिओ अडखळतो, तेव्हा ग्राफिक कार्डाला शिव्या देऊ नका. डीएसएलआर कॅमेऱ्याच्या एच.२६४ या दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये बहुतेक फ्रेम पूर्ण नसतातच, शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच लिहिलेलं असतं. मधली एक फ्रेम हवी तर आधीच्या कैक उलगडाव्या लागतात. चाळीस तिथंच संपतात. अशा वेळी प्रॉक्सी बनवा, म्हणजे उलगडायला सोपी, लहान प्रत. एडिट तिच्यावर करा, शेवटी मूळ फाइल जोडा. आम्ही कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड येताच कॉपीला आणि प्रॉक्सीला लावतो आणि मगच जेवायला जातो.

आता आवाज. चित्राबद्दल लोक भांडतात, आवाजाबद्दल नुसते म्हणतात, “काहीतरी बरोबर वाटत नाही.” मंडपातला जनरेटर, साउंडवाल्याच्या वायरिंगमधून येणारी ५० हर्ट्झची घूं, तिच्या पटीतली १०० आणि १५० ची भावंडं, भटजींच्या माइकची शिट्टी. या सगळ्यावर इफेक्ट असतात आणि आवाजाचं ओझं मशीनला चित्राहून फारच हलकं. आवाजाची मापं सेकंदाला ४८,०००, म्हणजे एका फ्रेममागं १,९२०. वीस लाख ठिपक्यांपुढं हे काय! म्हणून आवाजाचे इफेक्ट खूप आधीपासून चालू ऐकता ऐकता लावता यायचे. आम्हीच त्यांच्याकडं लक्ष दिलं नव्हतं.

ते द्यायला लावलं उंब्रजकडच्या एका काकींनी. त्यांच्याकडं एक ऑडिओ कॅसेट होती, आईच्या जात्यावरच्या ओव्यांची. काकींच्या भावानं कधीतरी टेपरेकॉर्डर जात्याजवळ ठेवून भरलेली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. नातीच्या लग्नाच्या व्हिडिओत, घाण्याच्या प्रसंगाला ती ओवी घालायची होती.

कॅसेटवर सूंऽऽ असा टेपचा आवाज, खाली घूं. मी नेहमीच्या पद्धतीनं गेलो. जिथं गाणं थांबतं तिथला दोन सेकंदांचा तुकडा आवाज-सफाईला नमुना म्हणून दिला. हा नमुना म्हणजे कचरा, एवढं सगळीकडून काढ. घूं साठी ५० वर बारीक खाच मारली, म्हणजे तेवढाच सूर कापला, मग लहानमोठा आवाज एका पातळीला आणणारा कॉम्प्रेसर. ओवी अशी स्वच्छ निघाली की मी स्वतःवर खूश. काकींनी हेडफोन लावला, थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, “आवो, जातं कुठं गेलं?”

दोन ओव्यांच्या मधे आई श्वास घ्यायची, जातं थोडंच थांबायचं? मी दिलेल्या नमुन्यात घरघर होतीच. मशीनला ती पंख्यासारखी एकसुरी वाटली आणि तिनं आज्ञेप्रमाणं पुसली. बांगड्यांची किणकिणही अर्धी गेली होती.

मग मी कॅसेटच्या अगदी सुरुवातीचा तुकडा शोधला. टेप चालू झालीय, दळण अजून सुरू व्हायचंय, एवढाच. तो नमुना दिला. त्यात फक्त टेपचा सूं होता. आणि ओवी चालू ठेवून माउस काकींच्या हातात दिला. म्हटलं, ही पट्टी डावीकडं नेली की खरखर वाढते, उजवीकडं नेली की कमी होते, बघा तुम्हीच. त्यांनी आयुष्यात माउस धरला नव्हता. पट्टी पार उजवीकडं नेली, तोंड वाकडं केलं, मागं आणली, पुन्हा थोडी पुढं. एका जागी हात थांबला. मी ठेवली असती त्याच्या निम्म्यावर. बरीच खरखर शिल्लक होती. त्या म्हणाल्या, “हितं ऱ्हाऊ द्या. हितं ती घरात हाय.”

रेंडरच्या काळात मी माझ्या मनानं स्वच्छ केलेली ओवी सीडीत घालून दिली असती, आणि काकी पैसे देऊन गप गेल्या असत्या.

त्या कामात आणखी एक कळलं. ही सफाई आवाजाचं एकेक माप बघून होत नाही, तिला थोडा पुढचा आवाज गोळा करावा लागतो. ४,०९६ मापांचा घास घेतला तर ८५ मिलीसेकंद, दोन फ्रेमपेक्षा जास्त. एडिटिंगमध्ये हे जाणवत नाही, कारण सॉफ्टवेअर तो उशीर ओळखून बाकी सगळ्याला तेवढं थोपवून धरतं. हे थोपवणं किती मोलाचं आहे ते २०२० मध्ये समजलं, जेव्हा थोपवायला कुणी नव्हतं.

पन्नास माणसांत लग्न, बाकी गाव मोबाइलवर. आम्ही ओबीएस शिकलो, फुकटातलं सॉफ्टवेअर. तीन कॅमेरे, रंगाची दुरुस्ती, नावांची पट्टी, सगळं जागच्या जागी. जवळजवळ वीस वर्षांनी पुन्हा दांडा ढकलल्यासारखं वाटलं. पहिल्याच लग्नात भटजींनी ‘सावधान’ म्हटलं, ताशा कडाडला, आणि मोबाइलवर अंतरपाट अजून तसाच धरलेला! मग तो पडला. मुलाचे काका दुबईहून बघत होते. त्यांचा लगेच फोन, “अरे, अंतरपाट उशिरा पाडला का? मुहूर्त टळला काय?”

मुहूर्त कुठला टळतोय. आवाज साउंडवाल्याकडून थेट वायरनं येत होता, चित्र मात्र कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरात घेणारं कॅप्चर कार्ड, रंग, पट्टी असं दारोदार थांबत. आवाज मागं राहिला तर माणूस खपवून घेतो. वीज आधी, गडगडाट मग, ही आपली जन्माची सवय. पण आवाज पुढं पळाला की लगेच खटकतं. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही हाच फरक आहे: आवाज मागं असेल तर १२५ मिलीसेकंदांपर्यंत चट्कन कळत नाही, पुढं असेल तर ४५ लाच कळतो.

दुसऱ्या लग्नाच्या आदल्या रात्री भावाला कॅमेऱ्यापुढं उभं केलं, टाळी वाजवायला लावली, रेकॉर्डिंग एकेक फ्रेम पुढं सरकवत मोजलं. पाच फ्रेम. पाच चोक वीस, दोनशे मिलीसेकंद. आवाजाच्या सेटिंगमध्ये २०० टाकले आणि पुन्हा टाळी. हात आणि आवाज एकत्र.

तेव्हापासून प्रत्येक लाइव्हच्या आधी मंडपात भाऊ मधोमध उभा राहून एकटाच टाळ्या वाजवतो. मांडववाली पोरं हसतात. एका वरमाईनं तर विचारलं, “हे पाव्हणं बरे हायत ना?”